ओंडके ओढणाऱ्या स्कायलाईनचं गतिक मॉडेल: दोराच्या लांबीपासून धक्क्याच्या ताणापर्यंत

अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या डोंगराळ जंगलांत, तसंच ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये, ट्रॅक्टर चढू शकत नाही अशा उतारांवरून कापलेले ओंडके पोलादी दोरावरून बाहेर काढतात. डोंगरावर टॉवर, समोरच्या उतारावर एखादा भक्कम बुंधा किंवा उभं झाड, आणि या दोन टोकांमध्ये ताणलेला दोर म्हणजे स्कायलाईन. तिच्यावरून कॅरेज धावते, कॅरेजखाली चोकरचा, म्हणजे ओंडक्याला आवळणाऱ्या आखूड दोराचा, फास, फासात ओंडका. कॅरेजला टॉवरकडे खेचणारा दोर म्हणजे मेनलाईन.

स्कायलाईनचं स्थिर गणित सोपं आहे आणि ते बहुतेक सगळे करतात. पण दोर तुटतो किंवा टेकूचं झाड उपटतं ते हलत्या भारामुळे. ओंडका खुंटाला अडकतो, सुटतो, हवेत उसळतो, पुन्हा खाली येतो. हे सगळं पकडणारं मॉडेल पायथॉन आणि त्याच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत कसं बांधायचं, ते एका ठरावीक उदाहरणावर पाहू. सगळे आकडे त्याच उदाहरणाचे आहेत, म्हणजे तुमचं मॉडेल बरोबर चाललंय का ते पायरीपायरीला ताडून बघता येईल.

उदाहरणाची मांडणी

आडवं अंतर ४०० मीटर. टॉवरचं टोक दुसऱ्या टोकापेक्षा ८० मीटर उंच. दोन टोकांमधलं सरळ अंतर ४०७.९ मीटर.

दोर २२ मिमी व्यासाचा, ६×१९ बांधणीचा (सहा पेड, प्रत्येकात साधारण १९ तारा), पोलादी गाभ्याचा. वजन मीटरला २.१ किलो. तुटण्याचं बळ सुमारे ३५० किलोन्यूटन. पोलादाचं निव्वळ क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस मिमी आणि वापरलेल्या दोराचा लवचिकता गुणांक १०० गिगापास्कल धरला, तर दोराची अक्षीय ताठरता, म्हणजे गुणांक गुणिले क्षेत्रफळ, २२ मेगान्यूटन येते. घन पोलादाचा २०० गिगापास्कल इथे चुकूनही टाकू नका. पिळलेला दोर ताणला की तारा एकमेकींवर सरकून आवळतात, म्हणून तो घन सळीपेक्षा बराच मऊ वागतो.

कॅरेज ५०० किलो, ओंडका २००० किलो, म्हणजे भार २४.५ किलोन्यूटन. कॅरेज मध्यावर आहे आणि दोराला पकडून बसलेली आहे. पॅसिफिक नॉर्थवेस्टमध्ये स्कायलाईनवरचा ताण तुटण्याच्या बळाच्या एक तृतीयांशापर्यंत ठेवण्याची रीत आहे. आपल्यासाठी ती मर्यादा ११७ किलोन्यूटन.

आधी स्थिर स्थिती, आणि तिच्यातून ताणविरहित लांबी

भरल्या अवस्थेत मध्यावर अंतराच्या ८ टक्के, म्हणजे ३२ मीटर झोळ हवा असं धरा. दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून खाली मोजलेलं अंतर म्हणजे झोळ. ताणाचा आडवा घटक असा काढा: भार गुणिले अंतर भागिले ४, अधिक दोराचं एकूण वजन (८.४ किलोन्यूटन) गुणिले अंतर भागिले ८, आणि या बेरजेला झोळाने भागा.

(२४५० + ४२०) ÷ ३२ = ८९.७ किलोन्यूटन.

वरच्या टोकाला उभा घटक ३४.४ येतो, त्यामुळे तिथला एकूण ताण ९६ किलोन्यूटन. मर्यादेच्या आत. झोळ ६ टक्के ठेवला असता तर आडवा घटकच १२० च्या जवळ गेला असता, म्हणजे तो पर्याय इथेच बाद.

आता मॉडेलची खरी मदार ज्यावर आहे ती राशी: ताण नसतानाची दोराची लांबी. भरल्या अवस्थेतली भौमितिक लांबी ४१२.७६ मीटर. त्यात दोराचं ताणणं १.७४ मीटर. वजा केलं की ४११.०२ मीटर. कॅरेजच्या खालच्या बाजूला १९९.३६ आणि वरच्या बाजूला २११.६६.

ही लांबी मिमीपर्यंत नको, पण दशांश मीटरपर्यंत हवीच. ती फक्त १ मीटरने कमी धरली, म्हणजे पाव टक्का चूक केली, तर भरल्या अवस्थेतला झोळ ३२ वरून २९.१ मीटरवर येतो आणि वरच्या टोकाचा ताण ९६ वरून १०५ किलोन्यूटनवर जातो. नवा दोर पहिल्या काही भारांमध्ये कायमचा ताणला जातो. ही वाढ पाव ते अर्धा टक्का असू शकते, म्हणजे आपल्या दोरात १ ते २ मीटर. म्हणून नव्या दोराचं मॉडेल आणि महिनाभर वापरलेल्या त्याच दोराचं मॉडेल वेगळं असतं. त्यामानाने तापमानाचा परिणाम किरकोळ आहे: २० अंशांच्या फरकाला जेमतेम १० सेंटिमीटर.

जागेवर जाऊन लांबी फीत लावून मोजता येत नाही, पण रिकाम्या दोराचा ताण मोजता येतो. टॉवरपाशी दोराला लाकडी दांडक्याने जोरात ठोका द्या आणि लाट दुसऱ्या टोकाला आपटून परत यायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघा. तीन-चार फेऱ्या मोजून सरासरी घ्या. ताण = ४ × मीटरचं वजन × सरळ अंतराचा वर्ग ÷ एका फेरीच्या वेळेचा वर्ग. आपल्या उदाहरणात एक फेरी ८.७२ सेकंदांची असेल तर ताण १८.४ किलोन्यूटन. या ताणातून रिकाम्या दोराचा झोळ, झोळातून लांबी, आणि लांबीतून ताणणं वजा करून ताणविरहित लांबी. वाकड्या वाटेने का होईना, हा आकडा प्रत्यक्ष जागेचा असतो. रिकाम्या दोराचा झोळ २३.३ मीटर यायला हवा.

दोराचे तुकडे

दोराचे ८० तुकडे करा: कॅरेजच्या दोन्ही बाजूंना ४०-४०. तुकड्याची लांबी सुमारे ५.१ मीटर, प्रत्येक नोडवर, म्हणजे तुकडे जुळतात त्या बिंदूवर, वस्तुमान १०.८ किलो. मधल्या नोडवर कॅरेजचे ५०० किलो जास्त. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्प्रिंग आणि तिच्या जोडीला एक डॅम्पर, म्हणजे हालचाल मंदावणारा भाग. पण ही स्प्रिंग फक्त ओढते, ढकलत नाही. ताण ऋण आला की तिथे शून्य करा, आणि हे डॅम्परचं बळ मिळवल्यानंतर करा. फक्त स्प्रिंगचं बळ शून्यावर अडवून डॅम्पर मोकळा सोडला, तर सैल पडलेला दोर डॅम्परच्या जोरावर काठीसारखा ढकलतो. आलेख दिसायला ठीक दिसतो आणि शिखराचा ताण मात्र चुकतो.

ओंडका कॅरेजमध्ये मिसळून टाकू नका. त्याला स्वतंत्र वस्तुमान ठेवा आणि कॅरेजला चोकरने जोडा. चोकरही फक्त ओढणारा. १६ मिमीचा, ५ मीटर लांब चोकर घेतला तर त्याची ताठरता मीटरला सुमारे २३६० किलोन्यूटन येते. हा वेगळेपणा का हवा? उसळीत चोकर सैल पडून ओंडका फक्त २० सेंटिमीटर मोकळा खाली आला, तरी फास पुन्हा आवळताना त्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला २ मीटर असतो. दोन वस्तुमानांचं एकत्रित परिणामी वस्तुमान ४०० किलो धरून त्या क्षणी चोकरमध्ये सुमारे ६० किलोन्यूटनचा झटका येतो. ओंडक्याचं वजन आहे १९.६. साल चिरडण्याने आणि फास सरकण्याने प्रत्यक्षात हा झटका कमी होतो, पण ओंडका आणि कॅरेज एकच वस्तुमान मानलं तर तो मुळात दिसतच नाही.

टाइम स्टेप

दोरातून अक्षीय लाट, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारी ताणाची लाट, सेकंदाला ३२४० मीटर वेगाने धावते. ५.१ मीटरचा तुकडा ती १.५९ मिलिसेकंदांत पार करते, आणि साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत, जिथे आधीच्या क्षणावरून थेट पुढचा क्षण काढतात, टाइम स्टेप (दोन क्षणांमधलं अंतर) याच्या आत हवा हे बहुतेकांना माहीत असतं. डॅम्पिंग घातल्यावर ही मर्यादा आणखी खाली येते, ते मात्र सहज विसरलं जातं.

दोराच्या पहिल्या अक्षीय मोडला (मोड म्हणजे कंपनाचा नैसर्गिक आकार), जो सेकंदाला ३.९ वेळा कंप पावतो, २ टक्के डॅम्पिंग द्यायचं असेल तर डॅम्परचा गुणक ताठरतेच्या ०.००१६ सेकंद पट ठेवावा लागतो. तोच गुणक एका तुकड्याच्या सर्वांत उंच वारंवारतेला १०० टक्के डॅम्पिंग देतो, आणि तिथे टाइम स्टेपची मर्यादा १.५९ वरून ०.६६ मिलिसेकंदांवर घसरते. १ मिलिसेकंद ठेवून गणित फुटलं की लोक ताठरतेत चूक शोधत बसतात. सरळ ०.२५ मिलिसेकंद ठेवा. ६० सेकंदांसाठी २,४०,००० पायऱ्या होतात. सगळे तुकडे एका अ‍ॅरेत ठेवून एकदम मोजले तर साधा लॅपटॉपही हे आरामात करतो.

प्रत्येक पायरीत क्रम असा: तुकड्यांची लांबी आणि लांबीचा वेग, त्यांवरून ताण, ताणांवरून नोडवरचं बळ, त्यात गुरुत्व आणि हवेचा रोध, मग त्वरण, नवा वेग, आणि नव्या वेगाने नवी जागा. वेग आधी, जागा नंतर. जुन्या वेगाने जागा पुढे ढकलली तर ऊर्जा हळूहळू वाढत जाते आणि शांत दोर आपोआप डोलायला लागतो.

वस्तुमानाच्या प्रमाणात दिलेलं डॅम्पिंग वापरू नका. तयार सॉफ्टवेअरमध्ये ते बऱ्याचदा आधीच चालू असतं. ते जमिनीच्या सापेक्ष वेगाला रोखतं, म्हणजे कॅरेज मोकळी धावत असतानाही तिला अदृश्य ब्रेक लागतो, आणि ओंडक्याची उसळी खोटी मऊ होते. दोराला काटकोनात होणाऱ्या हलण्याला हवेचा रोध द्या: दर मीटरला ०.०१६ गुणिले वेगाचा वर्ग, न्यूटनमध्ये. तो इतका कमी आहे की दोर बराच वेळ डोलत राहतो. प्रत्यक्षातही तसंच होतं.

सुरुवातीची स्थिती

सरळ रेषेत मांडलेल्या दोराने कधीही सुरुवात करू नका. सरळ रेषेत दोराची लांबी ४०७.९ होते आणि ताणविरहित लांबी ४११ आहे. म्हणजे अख्खा दोर सैल, आणि गणित सुरू होताच तो खाली पडून झटका खातो. झोळदार वक्रावर नोड मांडा, डॅम्पिंग दसपट वाढवून दोर शांत होईपर्यंत चालवा, मग वेग शून्य करून डॅम्पिंग पूर्ववत करा. टाइम स्टेपही या टप्प्यात त्या प्रमाणात कमी लागतो.

ताळे

पुढे जाण्याआधी हे सगळे जुळले पाहिजेत.

१. भार नसताना, कॅरेजही काढून ठेवून: मध्यावर झोळ २३.३ मीटर, ताणाचा आडवा घटक १८ किलोन्यूटन.

२. पूर्ण भार शांतपणे लटकलेला: झोळ ३२ मीटर, वरच्या टोकाचा ताण ९६.

३. रिकाम्या दोराचे मोड. ताणलेल्या तारेच्या सूत्राने पहिली वारंवारता ०.११५ हर्ट्झ येते, आणि इथेच गफलत होते. झोळ मोठा आणि दोर ताठ असेल तर दोर लांब झाल्याशिवाय तो संमित आकाराने, म्हणजे सगळा एकदम वर-खाली, हलू शकत नाही. झोळ आणि ताठरता यांचा मेळ सांगणारा अर्व्हिनचा प्राचल आपल्या दोरासाठी २०० च्या वर आहे. तो ३९.५ च्या वर गेला की सर्वांत खालचा मोड असंमित होतो: एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली. म्हणून मॉडेलमध्ये पहिला मोड ०.२३ हर्ट्झचा, आवर्तनकाल ४.४ सेकंद, आणि पहिला संमित मोड ०.३२ हर्ट्झचा, ३.१ सेकंद, दिसायला हवा. ०.११५ वर वर-खाली कंपन दिसलं तर तुमचा दोर कुठेतरी टोकाला सरकतोय.

४. भरल्या कॅरेजचं वर-खाली डोलणं: ४.४ सेकंदांच्या आसपास. मेनलाईन जोडली की हा काळ कमी होतो.

५. डॅम्पिंग आणि हवा बंद करून एकूण ऊर्जा. ६० सेकंदांत ती एक टक्क्याहून जास्त सरकू नये.

६. तुकडे दुप्पट, टाइम स्टेप निम्मा. शिखराचा ताण २-३ टक्क्यांहून जास्त बदलला तर तुकडे अजून कमी पडताहेत.

धक्क्याची प्रकरणं

पहिलं प्रकरण टोकाचं ठेवा: रिकामा दोर शांत आहे आणि पूर्ण २५०० किलो भार क्षणात त्यावर सोडला. असं जंगलात नेमकं घडत नाही, पण कड्यावर टेकलेला ओंडका एकदम घसरून हवेत लटकला तर त्याच्या जवळ जातं. साध्या स्प्रिंगवर एकदम ठेवलेला भार स्थिर बळाच्या दुप्पट बळ देतो. स्कायलाईन मात्र साधी स्प्रिंग नाही. ती जितकी खाली जाते तितकी ताठ होत जाते. डॅम्पिंग न धरता ऊर्जेच्या हिशोबाने कॅरेज सुमारे १५ मीटर खाली जाते आणि ताण २१० किलोन्यूटनच्या आसपास पोहोचतो. स्थिर ताणाच्या सव्वादोन पट, आणि तुटण्याच्या बळाच्या ६० टक्के. एक तृतीयांशाची मर्यादा पाळूनसुद्धा.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे झोळ वाढवणे. तो करून बघा: झोळ ८ वरून १० टक्के केला तर स्थिर ताण सुमारे २० टक्क्यांनी उतरतो, पण धक्क्याचा ताण २१० वरून १९५ च्या जवळपासच येतो. कारण पडलेल्या भाराची ऊर्जा शेवटी दोराच्या ताणण्यातच मुरायची असते, आणि दोराची ताठरता झोळाने बदलत नाही. धक्का कमी करायचा तर खेप हलकी करा किंवा पडण्याची उंची कमी करा. ओंडका मोकळा होण्याआधी स्कायलाईनवर थोडा भार आधीच आलेला असेल, तर पुढची झेप झपाट्याने लहान होते.

दुसरं प्रकरण रोजचं: ओंडका खुंटाला अडकला आहे आणि मेनलाईन ओढते आहे. १९ मिमीची, २१२ मीटर लांब मेनलाईन ६० किलोन्यूटनला सुमारे ७७ सेंटिमीटर ताणते आणि २३ किलोज्यूल ऊर्जा साठवते. ती सगळी भाराला मिळाली तर वेग सेकंदाला ४.३ मीटर. मॉडेलमध्ये ओंडक्याचं टोक एका स्थिर बिंदूला बांधा, मेनलाईनची लांबी ती गुंडाळणाऱ्या ड्रमच्या वेगाने कमी करत जा, ठरलेल्या बळाला बंध तोडा. मग आलेख पुरेसा लांब चालवा. शिखर सुटण्याच्या क्षणी येतंच असं नाही. अडकलेला ओंडका स्कायलाईनला खाली धरून असतो. तो सुटला की दोर वर झेपावतो, ताण पडतो, चोकर सैल होऊ शकतो, आणि शिखर भार परत खाली आल्यावर येतं, म्हणजे २ ते ४ सेकंदांनंतर. सुटल्यावर एका सेकंदात गणित थांबवलं तर नेमका तोच भाग हातचा जातो.

ओंडक्याचं एक टोक जमिनीवर घासत असेल तर जमिनीची ताठरता मीटरला १००० किलोन्यूटनच्या आसपास ठेवा, म्हणजे अर्ध्या वजनाला तो सेंटिमीटरभर रुततो. फार ताठ जमीन घेतली तर ओंडका तिच्यावर थरथरत राहतो आणि ताणाचा आलेख काटेरी होतो. घर्षण गुणांक ०.६ पासून सुरू करा. घर्षणाचं बळ शून्य वेगाला उडी मारून दिशा बदलू नये म्हणून सेकंदाला ०.०५ ते ०.१ मीटर वेगापर्यंत ते हळूहळू वाढू द्या.

टोकं

वरचे सगळे आकडे पक्क्या टोकांचे आहेत. प्रत्यक्षात टॉवरचे तणावे ताणतात, बुंधा मातीत हलतो, झाड वाकतं. आपल्या दोराची एकूण ताठरता मीटरला ५३.५ किलोन्यूटन आहे. टेकूच्या झाडाची २०० धरली तर दोन्ही मिळून ४२ होते, आणि पहिल्या प्रकरणातला धक्का साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. दोराला हे बरं, पण झाडाला नाही. झाडाची हालचाल वेगळ्या रकान्यात नोंदवा, कारण मुळं ढिली होणं त्या आकड्यात आधी दिसतं.

टॉवरच्या कप्पीवरून दोर पुढे ड्रमकडे जातो. तो भागही स्प्रिंग म्हणून धरा. ड्रमचा ब्रेक ठरावीक ताणाला घसरत असेल तर तेवढ्या ताणावर दोर सुटू द्या आणि किती मीटर सुटला ते नोंदवा. तो दोर परत गुंडाळलेला नाही, हे पुढच्या खेपेच्या ताणविरहित लांबीत यायला हवं.

मोजमापाशी जुळवणी

खालच्या टोकाला किंवा तणाव्यावर लोड सेल, म्हणजे बळ मोजणारं उपकरण, लावून ताण नोंदवा. दोराचं डोलणं सेकंदाला १० नोंदींत पकडता येतं. पण मध्यावरच्या झटक्याची अक्षीय लाट टोकाला ६३ मिलिसेकंदांत पोहोचते, आणि असे झटके पकडायला सेकंदाला १०० नोंदी हव्यात. कमी वेगाच्या नोंदींशी तुलना करायची असेल तर मॉडेलचा आलेखही त्याच वेगाने गाळून घ्या, नाहीतर मॉडेल उगाच जास्त ताण दाखवतंय असं वाटेल.

जुळवताना क्रम मोडू नका. आधी रिकाम्या दोराच्या ताणावरून लांबी. मग शांत लटकत्या भारावरून ताठरता, टोकांसकट. मग डोलण्याचा आवर्तनकाल. तो जुळत नसेल तर भाराचं वजन तपासा, कारण हिरव्या ओंडक्याचं वजन अंदाजाने धरलेलं असतं आणि बहुधा चूक तिथेच निघते. डोलणं किती वेळात विरतं त्यावरून डॅम्पिंग, आणि तेही सगळ्यांत शेवटी. डॅम्पिंगला आधी हात लावला की लांबीतली आणि वजनातली चूक त्याच्याखाली दडते, आणि मॉडेल त्या एका नोंदीपुरतं जुळून पुढच्या खेपेला हुकतं.